पुढचा माणूसही पेपर वाचतो

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर एक बातमी होती. उंच इमारतीच्या कठड्यावर उभ्या राहिलेल्या एका तरुणाला पोलिसांनी ‘गप्पांत गुंतवलं’ आणि तेवढ्यात मागून जवानांनी त्याला खेचून घेतलं, असं तिच्यात लिहिलं होतं. शेजारच्या चौकटीत पोलिसांनी वेळ कशी मारून नेली याचं सविस्तर वर्णन होतं. आधी आईचा विषय काढला, मग नोकरीचं आश्वासन दिलं, मग पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ सरकले. तरुण वाचल्याचा आनंद बातमीभर दिसत होता आणि तो मलाही झाला. तरी हे पत्र लिहिते आहे, कारण त्या चौकटीमुळे पुढच्या माणसाला वाचवणं अवघड झालं आहे.

कसं ते सांगते. आज ना उद्या आणखी कुणीतरी अशाच कठड्यावर उभं राहील, किंवा हातात शस्त्र घेऊन स्वतःला कोंडून घेईल. एखादा अधिकारी त्याला हाक मारील आणि म्हणेल, ‘मी तुमच्याशी बोलायला आलोय.’ त्या अधिकाऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवायला त्या माणसाजवळ फारसं काही नसेल. पोलिसांच्या बोलण्याबद्दल आजवर जे कानावर आलं, वाचनात आलं, तेवढंच. ‘बोलतात आणि मागून धरतात’ हे त्याने आपल्या पानावर वाचलं असेल, तर तो अधिकाऱ्याचं बोलणं ऐकणार नाही, पाठीमागची पावलं ऐकत बसेल. पुढचा माणूसही पेपर वाचतो, संपादक महोदय.

मी निवृत्त पोलीस अधिकारी आहे. नोकरीचा मोठा काळ वाटाघाटी पथकात गेला आणि आता नव्या अधिकाऱ्यांना तेच काम शिकवते. या कामाबद्दल फार थोडं लिहिलं जातं, म्हणून जरा विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेते.

वाटाघाटी करणारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकटा माणूस येतो, कानाला फोन लावलेला. तो एकटा कधीच नसतो, नसावा. बोलणारा एक, त्याला आम्ही प्रायमरी म्हणतो. त्याला खेटून बसलेला दुसरा, तो सेकंडरी. तिसरा पथकप्रमुख, घटनास्थळाच्या मुख्य अधिकाऱ्याकडे त्याची सतत ये-जा चालते. एक जण नातेवाईक, सहकारी, डॉक्टर यांच्याकडून माहिती काढत असतो, आणि एक जण भिंतीवरचा फळा सांभाळतो. मी सेकंडरी होते. माझं काम ऐकायचं आणि चिठ्ठ्या लिहायचं.

चिठ्ठी जाड पेनाने, मोठ्या अक्षरांत, दोन-तीन शब्दांची. बोलणाऱ्याची नजर क्षणभर खाली वळली तर तेवढ्यात वाचून व्हावी अशी. ‘मुलीचं नाव घेतलं.’ ‘आवाज खाली आला.’ ‘सल्ला नको.’ ‘थांब.’ मी सर्वात जास्त वेळा लिहिलेली चिठ्ठी ‘थांब’ हीच. बोलणारा जीव तोडून बोलत असतो. पलीकडे शांतता पसरली की ती त्याला सोसत नाही, काहीतरी बोलून भरून काढावीशी वाटते. आणि नेमक्या त्या शांततेत पलीकडचा माणूस पहिल्यांदा काही खरं बोलायच्या बेतात असतो. शेजारी बसलेल्याला ते कळतं, कारण त्याच्यावर उत्तर द्यायची जबाबदारी नसते.

फळ्यावर दोन रकाने असतात. एकात हुक, म्हणजे ज्या गोष्टीने माणूस जगण्याशी अजून जोडलेला आहे ती. दुसऱ्यात ट्रिगर, म्हणजे जिचं नाव काढताच तो बिथरतो ती. एकच व्यक्ती सुरुवातीला पहिल्या रकान्यात असते आणि तासाभराने दुसऱ्यात जाते. बायको, मुलगा, भाऊ, साहेब, कुणाचंही असं होतं. म्हणून फळा पुसत, सुधारत राहावा लागतो. आपल्या बातमीतल्या अधिकाऱ्यांनी ‘आधी आईचा विषय काढला’ ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. आई त्या तरुणाच्या कोणत्या रकान्यात होती, हे कुणी आधी विचारलं होतं का?

एक प्रसंग सांगते. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. मध्यम वयाचा एक माणूस शस्त्र घेऊन खोलीत बसला होता, दाराला आतून कडी. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सुरुवातीचा बराच वेळ फोनवर नुसत्या शिव्या ऐकल्या. माझ्या सहकाऱ्याने एकही मनाला लावून घेतली नाही. मग तो माणूस म्हणाला, ‘तुम्ही सगळे सारखेच.’ सहकारी म्हणाला, ‘सगळे सारखेच,’ आणि गप्प बसला. एवढंच. नव्या माणसाला हे पोपटासारखं वाटतं. पण त्यानंतर पलीकडून ‘सगळे’ म्हणजे कोण कोण, ते येऊ लागलं. ऑफिस, मोठा भाऊ, एक डॉक्टर. ‘तुम्हाला टाकून दिल्यासारखं वाटतंय,’ सहकारी म्हणाला. ‘टाकून नाही, वगळलं मला. मी तिथेच बसलो होतो आणि वगळलं.’ भावनेला आम्ही दिलेलं नाव चुकलं तरी बिघडत नाही, हे वर्गात कितीदा सांगितलं तरी पटत नाही. चुकलेलं नाव माणूस दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करताना तो आपल्याशी बोलत असतो.

भाऊ तोवर खाली येऊन पोचला होता. रडत होता, हात जोडत होता, एकदा फोन द्या म्हणत होता. आम्ही दिला नाही. लोकांना हा निव्वळ कठोरपणा वाटतो आणि बातम्यांत तसं छापूनही येतं. पण कोंडून घेतलेला माणूस जेव्हा एखाद्या नातेवाइकाला बोलावतो, तेव्हा पुष्कळदा त्याला निरोप घ्यायचा असतो, नाहीतर ‘हे तुझ्यामुळे’ म्हणून दाखवायला साक्षीदार हवा असतो. भावाकडून आम्ही माहिती घेतली, त्याला एका माणसाजवळ बसवलं, आणि त्याचा आवाज वरपर्यंत जाणार नाही इतक्या अंतरावर ठेवलं.

‘दहापर्यंत भाऊ माझ्यासमोर पाहिजे, नाहीतर बघा,’ असं तो मध्येच म्हणाला. आपण होऊन मुदत घालायची नाही आणि त्याने घातलेल्या मुदतीची आठवण करून द्यायची नाही, हा आमचा नियम. दहाला थोडा वेळ उरला असताना सहकाऱ्याने विचारलं, ‘भावाने नेमकं काय केलं?’ उत्तर लांबत गेलं. दहा वाजून गेले, त्याच्याही लक्षात आलं नाही. हे वेळ मारून नेणं नव्हे. जे विचारलं ते ऐकायचं होतं म्हणूनच विचारलं होतं, आणि त्या उत्तरात आम्हाला त्याची मुलगी सापडली.

त्यानंतर सहकाऱ्याने सरळ विचारलं, ‘तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?’ हा प्रश्न विचारायला माणसं घाबरतात, डोक्यात नसलेलं आपणच घालू म्हणून. तसं होत नाही. यावर झालेल्या अभ्यासांत असा धोका आढळलेला नाही, उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. तो ‘हो’ म्हणाला. त्या ‘हो’नंतर त्याचा आवाज बदलला, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं.

आपल्या बातमीच्या संदर्भात मला खरं सांगायचं आहे ते यापुढचं. माणूस बाहेर यायला कबूल झाला की काम संपत नाही. अशा प्रसंगांत सुरुवातीची काही मिनिटं आणि बाहेर येण्याची मिनिटं सर्वात धोक्याची असतात. दोन्हीकडे हात थरथरत असतात. म्हणून बाहेर येणं आम्ही पायरी पायरीने ठरवतो आणि त्याला आधी सांगतो. शस्त्र कुठे ठेवायचं. कोणत्या दाराने यायचं. हात कुठे. समोर किती माणसं दिसतील, त्यांच्या अंगावर काय असेल, कोण बोलेल आणि ते बोलणं दरडावल्यासारखं वाटेल. सहकाऱ्याने त्याला हेही सांगितलं की खाली बसवतील, झडती घेतील, बेड्या घालतील. तो म्हणाला, ‘बेड्या नकोत.’ ‘घालतीलच,’ सहकारी म्हणाला, ‘मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण मी तिथे असेन.’ बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मी ‘थांब’ची चिठ्ठी पुढे सरकवली. मग त्याने विचारलं, पायात चप्पल घालू का. चप्पल घालून तो बाहेर आला, सांगितलं होतं तसंच सगळं झालं, आणि सहकारी तिथे उभा होता.

बेड्यांबद्दल खोटं बोलणं तेव्हा सर्वात सोपं होतं. त्या दिवशी चाललंही असतं कदाचित. पण अशी माणसं पुन्हा संकटात सापडतात, त्यांचे शेजारी सापडतात, त्यांची मुलं मोठी होतात. ‘पोलीस म्हणाले तसंच झालं’ ही एवढीच आमची ठेव. आणि ती एका चौकटीने खर्च होते.

हे काम काही पूर्वापार चालत आलेलं नाही. पन्नासएक वर्षांपूर्वी पोलिसांपुढे दोनच वाटा असत, मागणी मान्य करा किंवा आत घुसा. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिच ऑलिम्पिकच्या वेळी इस्रायलचे खेळाडू आणि प्रशिक्षक ओलीस धरले गेले. विमानतळावर सुटकेचा जो प्रयत्न झाला तो पुरता फसला आणि एकूण ११ इस्रायली मारले गेले. त्यानंतर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी स्वतःला विचारलं, की हे आपल्याकडे घडलं तर? हार्वी श्लोसबर्ग हा तिथला डिटेक्टिव्ह, मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला. त्याने आणि फ्रँक बोल्झ या अधिकाऱ्याने नवी पद्धत बांधली. घेरा, वेगळं काढा, माणूस समजून घ्या, घाई करू नका. जानेवारी १९७३ मध्ये ब्रुकलिनच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानात चार बंदूकधारी ओलिसांसह अडकले. सुरुवातीच्याच गोळीबारात एक पोलीस मारला गेला होता. सहकारी पडलेला असताना इतरांनी दम धरला. ४७ तासांनी चौघे शरण आले, तोवर ओलीस जिवंत बाहेर पडले होते. त्याच वर्षी तिथे पहिलं कायमचं पथक उभं राहिलं. त्याचं बोधवाक्य तीन शब्दांचं आहे, ‘माझ्याशी बोला ना’ एवढाच त्याचा अर्थ.

वर्गात मी त्याहून आधीची एक घटना आवर्जून सांगते. ऑक्टोबर १९७१, फ्लॉरिडातलं जॅक्सनव्हिल विमानतळ. एका माणसाने स्वतःच्या पत्नीला जबरदस्तीने सोबत घेऊन एक छोटं विमान पळवून तिथे उतरवलं होतं. वैमानिक रेडिओवरून इंधनासाठी विनवत होता. तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्याने नकार दिला आणि विमानाच्या टायरवर व इंजिनावर गोळ्या झाडायला लावल्या. आतल्या माणसाने पत्नीला आणि वैमानिकाला मारलं, मग स्वतःला. प्रकरण कोर्टात गेलं. १९७५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ठरवलं की सुटकेचा अधिक चांगला मार्ग हाताशी असताना तो सोडला गेला, हा निष्काळजीपणा होता. थांबण्याला तोवर भित्रेपणा म्हणत. या निकालानंतर घाईचा जाब विचारला जाऊ लागला.

थांबणं आणि बोलणं म्हणजे बळाला नकार नव्हे, हेही लिहायला हवं. १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासात सहा जणांनी २६ लोकांना ओलीस धरलं. बोलून काही जणांची सुटका झाली. सहाव्या दिवशी एका ओलिसाला मारून मृतदेह दाराबाहेर टाकला गेला आणि सैन्याच्या पथकाला आत पाठवायचं ठरलं. शेवटच्या मिनिटापर्यंत पोलिसांचा वाटाघाटी करणारा टोळीच्या म्होरक्याशी फोनवर बोलत होता, त्याला फोनजवळ धरून ठेवत होता. म्हणजे बोलण्याचा आडोसा केला गेला, हे मी नाकारत नाही. पण तो निर्णय खून पडल्यावरचा होता, आणि बोलणाऱ्याने घेतलेला नव्हता. आमच्यात एक पक्का दंडक आहे. जो बोलतो तो हुकूम देत नाही, जो हुकूम देतो तो बोलत नाही. म्हणूनच बोलणारा पलीकडच्याला खरेपणाने सांगू शकतो, ‘हे माझ्या हातात नाही, मी वर विचारून येतो.’ आपल्या बातमीत वरिष्ठ अधिकारी स्वतः कर्णा घेऊन बोलत असल्याचं मोठं छायाचित्र आहे आणि त्यांचं कौतुकही. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण त्या तरुणाने ‘आत्ताच्या आत्ता सांगा’ म्हटलं असतं, तर त्यांना ‘वर विचारतो’ म्हणायची सोय नव्हती.

बोलणं आणि बळ यांनी एकमेकांविरुद्ध ओढलं की काय होतं, ते १९९३ मध्ये टेक्सासातल्या वेकोजवळ दिसलं. एका पंथाच्या वसाहतीला घातलेला तो वेढा ५१ दिवस चालला. वाटाघाटी करणाऱ्यांनी बोलून ३५ माणसं बाहेर आणली, त्यांत २१ मुलं. पण माणसं बाहेर आली की त्याच सुमारास दुसरी तुकडी वीज तोडायची, रात्रभर प्रखर दिवे आणि कर्कश आवाज सोडायची. आतल्यांनी काय समजायचं? आपण विश्वास दाखवला की शिक्षा मिळते, हेच. शेवटच्या दिवशी आगीत आणि गोळ्यांनी ७० हून अधिक माणसं गेली, लहान मुलं धरून. पुढच्या वर्षी एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, कारवाई पथक आणि वाटाघाटी पथक एका छत्राखाली आणलं. १९९६ मध्ये मोंटाना राज्यात सशस्त्र गटाला घातलेला वेढा ८१ दिवस चालला आणि रक्त न सांडता संपला. शांतपणे संपलेला प्रसंग कुणाच्या लक्षात राहत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वेको सगळ्यांना ठाऊक असतं, मोंटाना आमच्या वर्गाबाहेर कुणाला माहीत नसतं.

प्रशिक्षणाबद्दल. चांगला वक्ता चांगला वाटाघाटी करणारा होतोच असं नाही, बहुधा होत नाही. तपासात मुरलेल्या अधिकाऱ्याला तर बरंच विसरावं लागतं. तो प्रश्नावर प्रश्न विचारतो, विसंगती पकडतो, कबुलीकडे नेतो. इथे प्रश्न कमी आणि ‘का’ने सुरू होणारा तर जवळजवळ नाहीच, कारण ‘का केलंस’ म्हटलं की माणूस वकिलासारखा स्वतःची बाजू मांडू लागतो. पायाभरणीचे वर्ग साधारण ४० तासांचे असतात, एफबीआयचा राष्ट्रीय अभ्यासक्रम दोन आठवड्यांचा. पण तेवढ्यावर कुणी तयार होत नाही. सराव थांबला की कान बोथट होतात.

माझ्या वर्गातला पहिला धडा साधा आहे. जोड्या पाडायच्या. एकाने आपली खरी अडचण सांगायची, दुसऱ्याने ऐकायची. प्रश्न नाही, सल्ला नाही, ‘माझंही असंच झालं होतं’ नाही. शेवटी ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटलं तरच खाली बसायचं. दंगली हाताळलेले, गोळीबार पाहिलेले अधिकारी इथे पहिल्या दोन मिनिटांत सल्ला देऊन मोकळे होतात. एफबीआयने मांडलेला पायऱ्यांचा नमुना त्यांना पाठ असतो. ऐकणं, समजून घेणं, जवळीक, मग प्रभाव, मग वागण्यातला बदल. पाठ असूनही सगळे थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात. ‘शांत व्हा’ ही तीच उडी. कुणी ‘शांत व्हा’ म्हटल्यावर शांत झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

पुढच्या टप्प्यात नट येतात. त्यांना आम्ही संवाद देत नाही, माणूस देतो. त्याचं आयुष्य, त्याचं गेलेलं काम, त्याचे दोन हुक आणि तीन ट्रिगर. सूचना एकच, ऐकून घेतलं जातंय असं वाटलं तर सैल व्हा, हाताळलं जातंय असं वाटलं तर ताठर व्हा. सराव रात्री असतो, लांबतो, दारापलीकडून असतो, फोन मध्येच बंद पडतो. संपल्यावर नट सांगतो, ‘या ठिकाणी मला वाटलं याला घाई आहे.’ आणि खरोखरच त्या ठिकाणी अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलेलं असतं. दाराआडून. नटाला ते दिसलेलं नसतं, आवाजात ऐकू आलेलं असतं. तो क्षण अधिकारी जन्मभर विसरत नाहीत.

आणि प्रत्येकाला स्वतःचेही ट्रिगर लिहून द्यावे लागतात. ज्याच्या वडिलांनी जीव दिला आहे त्याने कोणत्या माणसाशी बोलू नये, हे त्याला आणि त्याच्या सेकंडरीला आधी माहीत हवं. घरी गेल्यावर काय होतं, याबद्दल इथे लिहीत नाही. एवढंच म्हणते की प्रसंग कसाही संपो, पथकाने त्याच दिवशी एकत्र बसून बोललंच पाहिजे, आणि याला ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्या वरिष्ठांशी मी नोकरीभर भांडले.

‘अशा माणसाला आज वाचवलं तरी तो उद्या तेच करणार,’ असं वाचकांच्या प्रतिक्रियांत एकाने लिहिलं आहे. त्यांनी कृपया हे वाचावं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात उडी मारण्यापासून रोखल्या गेलेल्या ५१५ माणसांचा पुढे काय शेवट झाला, याचा शोध रिचर्ड सायडन या अभ्यासकाने घेतला आणि १९७८ मध्ये मांडला. सुमारे ९४ टक्के माणसं एकतर तेव्हा जिवंत होती किंवा नैसर्गिक कारणांनी गेली होती. तो क्षण टळला की बहुतेकांचं आयुष्य उभं राहतं. म्हणून त्या क्षणी समोर कोण आहे आणि तो ऐकायला शिकलेला आहे का, याला इतकं महत्त्व आहे.

आता वर्तमानपत्रांबद्दल. १९८८ मध्ये पश्चिम जर्मनीत ग्लाडबेकच्या बँकेपासून सुरू झालेल्या ओलीसनाट्यात वार्ताहरांनी भर रस्त्यात पिस्तूलधाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, मागच्या सीटवर ओलीस मुली बसलेल्या असताना. एक पत्रकार तर वाट दाखवायला त्यांच्या गाडीत बसला. दोन ओलीस आणि एक पोलीस जिवाला मुकले. त्यानंतर तिथल्या पत्रकारांच्या आचारसंहितेत, गुन्हा चालू असताना गुन्हेगाराची मुलाखत घ्यायची नाही, असं कलम आलं. तरी २०१० मध्ये मनिलात एका बडतर्फ पोलिसाने पर्यटकांची बस ताब्यात घेतली तेव्हा रेडिओचा निवेदक त्याच्याशी फोनवर बोलत राहिला आणि त्याच वेळी वाटाघाटी करणाऱ्यांना फोन लागेना. बसमध्ये टीव्ही होता. आपल्या भावाला पोलीस धरून नेताहेत, हे त्याने त्यावर थेट पाहिलं. आठ पर्यटक मारले गेले.

उलट उदाहरणही आहे आणि ते पत्रकारांचंच आहे. व्हिएन्नात भुयारी रेल्वेखाली जीव देण्याचे प्रकार वाढले, तेव्हा १९८७ मध्ये तज्ज्ञांनी वर्तमानपत्रांना वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वं दिली. मथळे लहान झाले, वर्णनं थांबली. भुयारी रेल्वेतले हे प्रकार सहा महिन्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले. कुठलंही पोलीस पथक एवढी माणसं वाचवू शकलं नसतं.

तेव्हा माझं मागणं स्पष्ट लिहिते. प्रसंग चालू असताना आतल्या माणसाला फोन करू नका, त्याच्या नातेवाइकांचे शब्द थेट प्रसारित करू नका, जवान कुठून चढताहेत ते दाखवू नका. संपल्यावर त्याचं नाव, घर, चेहरा, त्याने काय काय सांगितलं, हे छापू नका. ते त्याने एका माणसाला विश्वासाने सांगितलेलं असतं. अधिकाऱ्यांनी कुठली वाक्यं वापरली याची चौकट करू नका. त्याऐवजी विचारा, की तिथे प्रशिक्षित पथक होतं का, पोचायला त्याला किती वेळ लागला, बोलणारा आणि हुकूम देणारा वेगळे होते का, दिलेलं आश्वासन नंतर पाळलं गेलं का. त्या तरुणाला नोकरीचं आश्वासन दिलं होतं असं आपणच छापलं आहे. सहा महिन्यांनी त्याचं काय झालं, एवढं त्याचं नाव न घेता जरूर छापा. मी वाट पाहीन.

आणि एक विनंती. आमच्या सरावात नट संकटातल्या माणसाचं काम करतात, अधिकारी अधिकाऱ्याचं. पोलिसांनी लावलेल्या फितीपलीकडे उभ्या असलेल्या वार्ताहराचं काम आजवर आमच्यातलाच कुणीतरी करत आला आहे आणि ते कधीच नीट जमत नाही. आपल्या शहर प्रतिनिधींपैकी एखाद्याला पुढच्या सरावासाठी पाठवावं. रात्रभर थांबायची तयारी असावी. पत्रासोबत संपर्काचा तपशील आपल्याकडे वेगळा दिला आहे, तो छापू नये.

आपली,
एक निवृत्त पोलीस अधिकारी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)